झारी किती उंच धरावी

हे लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करत होते. आमच्या घरात आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. वडील सही करतात. आई आधी अंगठा लावायची, आता तीही सही करते. त्यापलीकडे कागदाशी आमचा संबंध रेशन कार्डापुरता. मी घरातली पहिली कॉलेजात गेलेली, आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ग्लासगोपर्यंत पोचलेली. त्यामुळे ‘आठवणी लिहिल्या’ असं म्हणताना जीभ अडते. पण एका म्हाताऱ्या बाईचे माझ्यावर उपकार आहेत आणि ते मी अजून कुणाला नीट सांगितलेले नाहीत.

मी मानवी भूगोलाच्या एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला होते. त्यातला एक विषय होता, वाळवंटात माणसं कशी राहतात. बाहेर पाऊस, काचेवरून पाणी ओघळतंय, आणि आत पडद्यावर वाळूच्या टेकड्या. बकरीच्या केसांचे तंबू, जमिनीखाली खणलेली घरं, वारा खाली ओढून घेणारे मनोरे. मी सगळं वहीत उतरवून घ्यायचे. हे लोक किती हुशार, असं वाटायचं. मग आमच्या गावातल्या बायका आठवायच्या, मे महिन्यात विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने हंडा भरणाऱ्या. आणि खरं सांगायचं तर, ते मला हुशारीचं वाटत नसे. ते नुसतं गरिबीचं वाटायचं.

कुणी गाव विचारलं की मी ‘पुण्याजवळ’ म्हणायचे. आमच्या गावाहून पुण्याला एसटीने दहा तास लागतात.

माझी फ्लॅटमेट मराठीच होती, पण जन्मापासून रीडिंगची. आईवडील आयटीत. तिचं मराठी मला फार आवडायचं, कारण त्यात तिचं स्वतःचं व्याकरण होतं. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, “पुणे? माझी आत्या पण तिथेच. कोथरूडला. तू कुठे?”

“जरा लांब,” मी म्हणाले.

आठवड्याभरात तिला माझी बादली सापडली. मी रोज सकाळी बाथरूममध्ये एक बादली भरून, वर ताटली झाकून ठेवायचे. न भरता घराबाहेर पडले की दिवसभर काहीतरी राहिल्यासारखं वाटे.

“तू हा बादली रोज का भरते?”

“असू दे. लागलं तर.”

“पण पाणी तर नेहमी येतो ना? इट्स ग्लासगो. वरून पण येतो, खालून पण येतो.”

मी हसले आणि बादली भरतच राहिले.

पदवीच्या प्रबंधासाठी मी विषय दिला होता: कोरड्या मुलखातून आलेली कुटुंबं ग्लासगोच्या पावसात आपल्या कुठल्या सवयी टिकवतात. आमच्या मार्गदर्शक बाई मवाळ होत्या, पण स्पष्ट. माझं टिपण त्यांनी दोनदा वाचलं आणि टेबलावर पालथं ठेवलं.

“नीटनेटकं आहे. पण सगळं पुस्तकातलं आहे,” त्या म्हणाल्या. “एकही माणूस बोलत नाही यात. आणि तूही बोलत नाहीस. तुझ्याशी मोकळेपणाने बोलेल असं एक घर शोध. तीन आठवड्यांत मिळालं नाही, तर आपण विषय बदलू.”

विषय बदलणं म्हणजे पहिल्यापासून सुरुवात. शिष्यवृत्तीची मुदत ठरलेली, व्हिसाची ठरलेली. पदवी न घेता परत गेले असते तर मला कुणी काही बोललं नसतं, हे मला माहीत होतं. पण माझ्यानंतर आमच्या वस्तीतल्या मुली शाळा सोडताना म्हणाल्या असत्या, ‘ती एवढी गेली, तिला तरी कुठं झालं?’ मला भीती त्याची होती.

त्या दिवसांत मी विद्यापीठाच्या एका कॅन्टीनमध्ये काम करायचे. माझ्या शेजारच्या सिंकवर एक सुदानी मुलगी होती. ती नर्सिंग शिकत होती. लहानपणीच आजीबरोबर इकडे आलेली, पक्की ग्लासगोची इंग्रजी बोलायची. एका दुपारी ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली.

“काय झालं?”

“तू प्रत्येक बशीनंतर नळ बंद करतेस.”

“सवय आहे.”

“माझी हबोबा असंच करते. मी नळ चालू ठेवून दात घासले तर बाथरूमच्या दारात येऊन उभी राहते. काही बोलत नाही. नुसती उभी.”

हबोबा म्हणजे त्यांच्या बोलीत आजी. हबोबा मूळची सुदानच्या पश्चिमेकडची, वाळवंटाच्या काठावरच्या मुलखातली. बोलता बोलता कळलं की तिने इमारतीच्या मागच्या अंगणात एक मोठं भगुलं ठेवलंय, पावसाच्या पाण्यासाठी. ते पाणी ती पुदिन्याला घालते, फरशी पुसते. शेजारी हसतात. नात लाजते. मी विचारलं, “मी भेटू का त्यांना?” आणि विचारून झाल्यावर घाबरले.

पहिली भेट वाया गेली. मी वही, रेकॉर्डर आणि विद्यापीठाचा संमतीचा अर्ज घेऊन गेले होते. हबोबा उंच, वाळलेली, अंगाभोवती एकच लांब रंगीत वस्त्र गुंडाळलेली. तिने चहा दिला, साखर भरपूर. माझी विचारपूस केली. आई बरी आहे का, वडील बरे आहेत का, घरातली जनावरं बरी आहेत का, इकडे थंडी सोसते का. पुन्हा आई बरी आहे का. मग मी अर्ज पुढे केला. तिने तो हातात न घेता बघितला आणि नातीला काहीतरी म्हणाली.

“ती विचारतेय, तू कुठल्या ऑफिसातून आलीस.”

“ऑफिस नाही. मी विद्यार्थिनी आहे.”

नातीने सांगितलं. हबोबाने मान हलवली आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. त्यानंतर ती हवामानाविषयी बोलली.

खाली जिन्यापर्यंत सोडायला आलेली नात म्हणाली, “राग मानू नकोस. इकडे आसरा मागायला आल्यावर कित्येक वर्षं कागदवाल्यांनी तिला तेच तेच विचारलं. कुठून आलीस, कधी निघालीस, खरं कशावरून. ती म्हणते, वही घेऊन येणाऱ्याला जे पाहिजे ते आधीच त्याच्या वहीत असतं.”

मला ते लागलं. कारण माझ्या वहीत खरंच बारा प्रश्न होते, आणि त्यांची उत्तरं मला कशी यायला हवी होती, तेही मला माहीत होतं.

बाईंनी दिलेली मुदत संपायला आठ दिवस राहिले असताना नात म्हणाली, “शुक्रवारी जेवायला ये. हबोबाने सांगितलंय. पण वही आणू नकोस.” मग भांडं पुसत म्हणाली, “तुझ्या प्रबंधासाठी नाही बोलवलं हं. तू बारीक आहेस म्हणून.”

मी वही घरी ठेवली. आशाही ठेवायला हवी होती, पण ती बरोबर आलीच.

जेवण जमिनीवर होतं. गालिच्यावर मधोमध एक मोठी परात. मी वाकून आत बघितलं. ज्वारी होती. ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची, घावनापेक्षाही पातळ, पापुद्र्यासारखी पोळी. त्याला ते किसरा म्हणतात. शेजारी वाळवलेल्या भेंडीचं बुळबुळीत कालवण. इथे ज्वारीचं पीठ कुठे मिळतं, हे मला इतके महिने कळलं नव्हतं, आणि ते या घरात मिळालं.

मी परातीजवळ बसले. हबोबा स्वयंपाकघरातून आली. एका हातात लांब चोचीची झारी, दुसऱ्या हातात तस्त, म्हणजे पसरट भांडं. ती माझ्यासमोर उभी राहिली, थोडी वाकली आणि तिने झारी तिरकी केली. ती उंच, मी खाली बसलेली. वरून धार आली.

माझ्या हातांनी काय केलं ते मी ठरवलेलं नव्हतं. दोन्ही हात जुळले, ओंजळ झाली, मान खाली गेली, ओंजळ तोंडाला लागली आणि मी प्यायले. एक घोट. दुसराही.

“अगं,” नात हळूच म्हणाली, “ते हात धुवायला आहे.”

धार थांबली. कोपरावरून पाणी गालिच्यावर ठिबकत होतं. मला वर बघवेना.

इथे मला थोडं मागचं सांगावं लागेल. आम्ही बौद्ध. आजोबांच्या पिढीने दीक्षा घेतली, पण गावाने ती घेतली नव्हती. लहानपणी मी आईबरोबर खुरपणीला जायचे. दुपारी मालकीणबाई पाणी घेऊन बांधावर यायच्या. बाकीच्या बायकांकडे तांब्या जायचा आणि हातोहात फिरायचा. आमच्याकडे धार यायची, वरून, भांडं लागू नये इतक्या उंचीवरून. आई म्हणायची, “ओंजळ कर.” मला ती गंमत वाटायची. धारेखाली मान घालायची, डोळे मिटायचे, नाकातोंडात पाणी. तांब्या आपल्याकडे का येत नाही, हे कळलं तेव्हा मी बारा वर्षांची असेन. कळलं त्या दिवसापासून मी शेतात पाणी प्यायचं सोडलं. घरून बाटली न्यायचे. शिकले, हॉस्टेलला राहिले, विमानात बसले. मला वाटत होतं ती ओंजळ मी कधीच मोडून टाकली. आणि ती ग्लासगोत, एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात, मला न विचारता परत जुळली होती.

हबोबाने झारी आणि तस्त खाली ठेवलं. आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात पाण्याने भरलेला एक लाकडी वाडगा होता. ती माझ्यासमोर मांडी घालून बसली. आधी स्वतः एक घोट प्यायली, काठाला ओठ लावून, आणि तोच वाडगा माझ्या हातात दिला.

त्यांच्याकडे हे रोजचंच. पाणी ताजं आहे हे पाहुण्याला दाखवायचं, एवढाच त्याचा अर्थ, असं नंतर नातीने सांगितलं. हबोबाच्या मनात दुसरं काही नव्हतं. पण मी तो वाडगा धरून बसले. उष्टं नको म्हणून आपण कुणीच सहसा भांड्याला ओठ लावत नाही, आणि आमचं तर भांड्याला बोटसुद्धा लागू नये म्हणून लोकांनी केवढी काळजी घेतलेली. तिच्या ओठांची ओल काठावर दिसत होती. मी तिथेच ओठ लावले. पाणी थंड होतं. त्याला किंचित धुराचा वास होता, वाडग्याला दिलेल्या धुरीचा.

मग तिने विचारलं आणि नातीने इंग्रजीत सांगितलं, “तुमच्या देशात पाहुण्याला पाणी असं वरून ओंजळीत ओततात का?”

‘हो’ म्हणणं सोपं होतं. ‘आमच्याकडे पद्धत आहे’ एवढं म्हटलं असतं तर जेवण सुरू झालं असतं. पुण्याजवळ, जरा लांब, असू दे, सवय आहे. इतके महिने मी अशीच उत्तरं दिली होती. पण हातात अजून तिचा वाडगा होता. तो धरून खोटं बोलवेना.

“नाही,” मी म्हणाले. “पाहुण्याला नाही. आमच्यासारख्यांना.”

आणि मी सांगितलं. माझी इंग्रजी त्या गोष्टीसाठी तयार नव्हती. उष्टं, बाट, वस्ती, यातला एकही शब्द मला इंग्रजीत सापडेना. मी हातांनीच जास्त सांगितलं. नात थांबत थांबत अरबीत सांगत गेली. मधे एकदा तिने मला विचारलं, “म्हणजे तुम्ही आजारी होता म्हणून?” मी म्हणाले, “नाही. जन्माने.” तिने ते सांगितलं की नाही, कळलं नाही.

हबोबाने सगळं ऐकलं. मग विचारलं, “किती उंचावरून?”

मी बसल्या जागी हात वर करून दाखवलं.

“एवढ्या?” तिने स्वतःचा हात माझ्या हाताशेजारी धरून माप घेतलं. “मग सांडत असेल.”

“हो. सांडायचं.”

“आणि पाणी कमी होतं म्हणतेस. टँकरने यायचं म्हणतेस.”

“हो.”

ती नातीकडे वळून रागाने काहीतरी बोलली, लांबलचक. नातीला मधेच हसू आलं आणि तिने ओढणी तोंडाशी धरली.

“काय म्हणतात?”

“ती म्हणते, कसली माणसं ही. दुष्काळात पाणी सांडतात. यांना कुणी आईबापांनी शिकवलं नाही? आमच्याकडे कुणी असं ओतलं असतं तर त्याच्या हातात परत पाण्याची पखाल दिली नसती.” मग पुढे म्हणाली, “आणि विचारतेय, त्यांचे हात दुखत नव्हते का?”

मी हसले. कधी हसेन असं वाटलं नव्हतं त्या गोष्टीवर, पण हसले, आणि हसता हसता रडलेही थोडी. आजवर जे जे या गोष्टीविषयी बोलले ते अन्याय म्हणून बोलले, आणि तो आहेच. पण तो करणाऱ्यांना कुणी अडाणी म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकत होते. तिच्या हिशेबी ज्याला पाणी कसं द्यायचं कळत नाही तो अडाणी, मग त्याच्या वाड्याला कितीही खण असोत.

“आता जेव,” हबोबा म्हणाली. “आधी हात धू. या वेळी धू.”

जेवताना तिनेच विषय काढला. त्यांच्या मुलखात तबलदीची झाडं असतात, म्हणजे आपली गोरखचिंच. म्हातारं झाड आतून पोकळ असतं. ते वरून कोरून आणखी मोठं करतात. पावसाळ्यात बुंध्याभोवती खळगा करून पाणी साठवायचं, एकाने झाडावर चढायचं, खालच्यांनी चामड्याच्या बादल्या दोराने वर द्यायच्या, आणि झाडाच्या पोटात पाणी भरायचं. ते पाणी उन्हाळाभर गोड राहतं. प्रत्येक झाडाला नाव. मुलीच्या लग्नात झाडाची गोष्ट निघायची, जशी आपल्याकडे जमिनीची निघते. पाणी संपलं की कलिंगडं. माणसाने गर खायचा, पाणी प्यायचं, साल बकऱ्यांना, बी भाजून ठेवायचं.

मी ऐकत होते आणि वही नव्हती. हात शिवशिवत होता.

निघताना हबोबाने अट घातली. मी पुढच्या शुक्रवारी यावं. येताना माझ्या गावाची एक गोष्ट आणावी. ती सांगून झाली की ती तिची एक सांगेल. “तू रिकाम्या हाताने विचारत होतीस,” नातीने तिचं वाक्य मला दिलं. “आता एक तुझं, एक माझं.”

रविवारी सकाळी मी आईला फोन लावला. तिकडे दुपार होती. ती शेळ्यांना पाला घालून नुकतीच टेकली होती.

“जेवलीस का गं बाई?”

“हो. आई, एक विचारू? बांधावर वरून पाणी घालायचे ना आपल्याला...”

तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाली, “ते कशाला काढायलीस आता?”

“मी सांगितलं इथं. एका आजीला.”

“कशाला सांगितलंस? शिकायला गेलीस ना तू? लोक काय म्हणतील, कुठली पोरगी आलीया.” तिचा आवाज चढला होता. तिने आम्हाला कधी ते बोलू दिलं नव्हतं. नवे कपडे घालून शाळेत पाठवलं, केस घट्ट विंचरले, पण ते बोलायचं नाही. कशासाठी, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

“काही वाईट म्हणाली नाही ती.”

“मग काय म्हणाली म्हातारी?”

“म्हणाली, दुष्काळात पाणी सांडत होतं का? आणि त्यांचे हात दुखत नव्हते का?”

फोनवर नुसती खरखर आली. मला वाटलं रेंज गेली. मग आई हसायला लागली. माझी आई मोठ्याने हसत नाही, तोंडाला पदर लावून हसते, आणि फोनवर ते श्वासासारखं ऐकू येतं.

“सांडायचं की,” ती म्हणाली. “निम्मं सांडायचं. कोपरापर्यंत वघळायचं. मी काय करायची माहितंय का? ओल्या हातानं तुझं तोंड पुसायची. ऊन लागायचं ना तुला. मी म्हणायची, सांडंना का, लेकराला गार तर वाटंल.”

मला ते आठवत नव्हतं. म्हणजे ओला हात आठवत होता. तो कुठून ओला व्हायचा, ते माहीत नव्हतं.

त्यानंतर ती बोलायला लागली ते थांबेचना. परातीत उभं राहून अंघोळ करायची आणि ते पाणी शेवग्याला घालायचं. तांदळाचं धुवण म्हशीला. भांडी राखेने घासून फडक्याने पुसायची, धुवायची नाहीत. ओढ्याच्या कोरड्या वाळूत खड्डा काढायचा आणि पाणी पाझरायची वाट बघत बायकांनी तिथेच बसायचं. कुणाचा खड्डा किती भरला यावरून भांडणं, आणि भांडता भांडता एकमेकींच्या उवा काढणं. मी वही घेतली. आई म्हणाली, “लिहायलीस काय? येडी का काय तू? हे कुणी लिहितं व्हय?”

पुढचे तीन महिने मी शुक्रवारी जात राहिले. एक माझं, एक तिचं. मी ओढ्याचा खड्डा सांगितला तर तिने कोरड्या नदीत पाण्याच्या वासाने उंट कुठे पाय आपटतो ते सांगितलं. मी राखेची भांडी सांगितली तर तिने वाळूने नमाजाआधीचे हात कसे शुद्ध करतात ते करून दाखवलं, गालिच्यावर. तहानलेला आला की आधी पाणी द्यायचं, तो कुणाचा कोण हे मागून विचारायचं, कारण उद्या त्याच्या झाडापाशी आपण उभे असू, हेही तिनेच सांगितलं. सगळं चांगलंच होतं असं मात्र तिने कधी भासवलं नाही. एकदा मी विचारलं, झाडाच्या पोटात उतरून गाळ कोण काढायचं? ती बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिली.

“ते वेगळे लोक होते,” ती म्हणाली. “त्यांच्या आजोबांना आमच्या कुणीतरी विकत घेतलं होतं. पाणी एकाच वाडग्यात प्यायचो. पण लग्नं नाही. परातीला आमचं जेवून झाल्यावर बसायचे.” मग म्हणाली, “तू विचारलंस म्हणून आठवलं. नाहीतर मला ते आठवत नाही.”

मी तेही लिहिलं. तिला विचारून लिहिलं. तिने शेवटी अर्जावर अंगठा दिला. सही येत होती तरी अंगठा दिला, म्हणाली, कागदवाल्यांना सही दिली होती, ही वेगळी असू दे.

मार्गदर्शक बाईंनी विषय बदलायला लावला नाही. मी पहिलं प्रकरण त्या ओंजळीपासून सुरू केलं होतं आणि ते खोडावं की ठेवावं म्हणून दोनदा मेल लिहून पुसला होता. त्यांनी वाचलं. “ही ‘मालकीण’ काही बोलायची का पाणी ओतताना? आठवतं?” एवढंच विचारलं. मग म्हणाल्या, “हे राहू दे. यात आता तू आहेस.” पास झाले तेव्हा निकाल आधी आईला कळवला. तिने विचारलं, “म्हातारीला सांगितलंस का?”

फ्लॅटमेटला मी माझ्या गावाचं खरं नाव सांगितलं. तिने नकाशावर शोधलं. “पण हा तर पुणेच्या जवळ अजिबात नाही,” ती म्हणाली. “नाही,” मी म्हणाले. बादली अजून भरते, हेही तिला सांगितलं. तिने त्या दिवसापासून तिचीही एक भरायला सुरुवात केली. का, ते मी विचारलं नाही.

परत यायच्या आदल्या शुक्रवारी मी शेवटचं जेवायला गेले. बाहेर झिमझिम होती. हबोबाचं भगुलं काठोकाठ भरलेलं. परात मांडली. नात आतून झारी घेऊन येत होती, तशी हबोबाने तिला थांबवलं आणि माझ्याकडे बोट केलं.

“ती म्हणते, आज तू घाल.”

मी उठले. झारी अपेक्षेपेक्षा जड होती. हबोबा गालिच्यावर बसली आणि तिने दोन्ही हात तस्तावर धरले, सुरकुतलेले, बोटं सैल सोडलेली. माझ्या हातून कुणाच्या हातावर पाणी पडायची ही पहिलीच वेळ. किती उंच धरावी, कळेना. मग मी गुडघ्यावर बसले आणि झारीची चोच खाली, खाली आणत गेले, तिच्या बोटांना लागेपर्यंत. तिने हात मागे घेतला नाही. पाणी आवाज न करता गेलं.

तिने तस्ताच्या बाहेर, गालिच्यावर नजर टाकली. कोरडा होता. मग माझ्याकडे बघून मान हलवली आणि हात पुसायला माझ्याच ओढणीचं टोक घेतलं.